मामांना कोण ओळखतं?

निवडणूक तोंडावर आली होती आणि साहेब उमेदवार म्हणून उभे होते. पत्रकारांनी त्यांना गराडा घातला, कोणीतरी मामांबद्दल विचारलं, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, “कोण मामा?” मग जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, “हां, ते होय. हे बघा, सभेला हजारो माणसं येतात. कोणीही शेजारी उभं राहून फोटो काढून घेतं. त्या गृहस्थांचा आणि माझा काडीचाही संबंध नाही.”

मामा हे कोणाचेच सख्खे मामा नव्हते. पक्षात त्यांना सगळे मामा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. साहेबांना कोणी भेटायचं, कोणी नाही, कोणाला रागवायचं, कोणाला गोंजारायचं, हे सगळं मामा ठरवत. आदल्या दिवशी त्यांच्या आवाजाची एक ध्वनिफीत कोणीतरी बाहेर फोडली होती. त्यात ते कार्यकर्त्यांना सांगत होते, की नदीकाठच्या वस्तीचं पाणी तोडा, माणसं घागरी घेऊन दारात आली की मग मतांचं बोला. लोक संतापले. वस्तीतल्या बायकांनी रस्ता अडवला. आणि साहेबांनी हात झटकले.

ती त्या वेळी एका वृत्तवाहिनीच्या मागच्या खोलीत बसून पट्टी लिहीत होती. पडद्याच्या तळाशी बातम्यांची ओळ सरकत जाते ना, ती पट्टी. ऑफिसात तिचं नावच पट्टी पडलं होतं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले. एकेकाळी संध्याकाळच्या मुख्य बातम्या ती द्यायची, हे नव्या मुलांना माहीतही नव्हतं.

त्या दिवशी चॅनलमध्ये लग्नघरासारखी धांदल होती. संपादक स्वतः मजकूर सांगायला आले होते. “साहेबांची बाणेदार भूमिका, असं लिही. मामांना नारळ, हे पण घे, लोकांना आवडतं.” तिने लिहिलं. सगळीकडे तेच चाललं होतं. चर्चेच्या कार्यक्रमात आठ माणसं आठ चौकटींत बसून एकाच वेळी ओरडत होती आणि ओरडण्याचा मुद्दा काय, तर साहेबांनी हे आधी करायला हवं होतं की आत्ता केलं तेच बरोबर. मामांनी काय केलं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. कोणासाठी केलं, हे विचारायचं मात्र कोणाच्या मनात येत नव्हतं.

आणि चित्रफितींची तर गंमतच होती. साहेबांचं कुठलंही जुनं भाषण काढा, डाव्या खांद्यामागे मामा उभेच. संपादकांनी फर्मान काढलं, की मामा नसलेलंच काहीतरी शोधा. शेवटी एका वर्तमानपत्राने जुना फोटो कापून छापला, त्यात मामा तर गेले, पण त्यांचा हात साहेबांच्या खांद्यावर तसाच राहिला. ऑफिसात तो फोटो हातोहात फिरला, सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली. मामांचं वाटोळं होतंय म्हटल्यावर तिला हसायला कारणही होतं.

साहेब पाणीखातं सांभाळत होते तेव्हाची गोष्ट. त्याच नदीकाठच्या वस्तीत गढूळ पाण्याने पोरं आजारी पडली होती. तिने साहेबांना मुलाखतीत विचारलं होतं, “हे पाणी तुम्ही प्याल का?” साहेब इकडचं तिकडचं बोलले. तिने परत विचारलं. ते परत भलतंच बोलले. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साहेबांना दरदरून घाम फुटला आणि तो घाम घराघरांत दिसला. त्यानंतर तिच्यावर जे तुटून पडले ते लोक कोण होते, कुठले होते, देव जाणे. मोबाईलवर घाणेरडे निरोप, तिच्या तोंडाला भलतीच शरीरं जोडलेले फोटो. सगळं मामांच्या कृपेने चाललंय, हे पत्रकारांत उघड गुपित होतं, पण सिद्ध कोण करणार. संपादकांनी तिला बोलावून अगदी बापाच्या मायेने सांगितलं, की काही दिवस पडद्यावर नको, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. ते काही दिवस संपलेच नाहीत. ती मागच्या खोलीत गेली ती तिथलीच झाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसून मटार सोलत होते. आई जाऊन बराच काळ लोटला होता. घरात दोघंच. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. हात थरथरतो, काच नीट बसत नाही, असं सांगून त्यांनी ते मधेच कधीतरी बंद केलं होतं. एरवी बातम्या लागल्या की ते टीव्ही बंद करायचे, पण त्या दिवशी हातात शेंग तशीच धरून ते बघत होते. ध्वनिफीत परत परत वाजत होती. मामा बोलण्याआधी घसा खाकरत होते, मग शांतपणे बोलत होते.

“हा माणूस मला माहीत आहे,” बाबा म्हणाले.

“आता सगळ्यांनाच माहीत झालाय, बाबा.”

“टीव्हीवरून नाही गं. फोनवरून.”

तिला आधी कळलंच नाही. मग बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मटारांकडे बघत सांगायला लागले. त्या दिवसांत घरच्या फोनवरही फोन यायचे, ती कामावर असताना. बरेच जण नुसत्या शिव्या द्यायचे, ठेवून द्यायचे. शिव्यांचं काही वाटेनासं झालं होतं. पण हा एक रोज करायचा.

“हा शिवी द्यायचा नाही. आधी घसा खाकरायचा, मला काका म्हणायचा. काका, जेवलात का, विचारायचा. मग तू किती वाजता सुटतेस, कुठल्या गल्लीतून येतेस, तिथला दिवा कसा बंद असतो, हे सगळं सांगायचा. आणि मग तिथे तुझं काय करायचं ठरलंय, ते सांगायचा. सावकाश. एकेक करून.”

“तुम्ही फोन काढून का नाही ठेवलात?”

“काढून ठेवला असता तर तुला कळलं असतं. आणि मी उचलला नसता तर कधीतरी तू उचलला असतास.”

मग त्यांनी हेही सांगितलं, की दुकान हातामुळे बंद केलं नव्हतं. हात चांगला आहे. तिच्या सुटायच्या वेळेला त्यांना त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं असायचं, आणि नेमकी तीच वेळ गिऱ्हाइकांची.

तिला आठवलं, बाबा तेव्हा रोज रस्त्यात भेटायचे. पाय मोकळे करायला आलो होतो, म्हणायचे. ती त्यांना चिडवायची, की म्हातारपणी भटकायची चटक लागली तुम्हाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःवरचे वार तिने कधीच गिळून टाकले होते. पण आपला बाप खुर्चीत बसून, कानाला फोन लावून, एका माणसाकडून ते सगळं ऐकत होता आणि वर जेवलो म्हणून सांगत होता, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. सूड हा शब्द तिने बातम्यांत पुष्कळदा लिहिला होता. तो अंगात भिनला की माणसाला भूक लागत नाही, हे त्या दिवशी कळलं. मटार तसेच राहिले.

सकाळी तिने मामांना फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी तो उचलला. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांचा फोन लागायला माणसं ताटकळत, त्यांना आता कोणी फोन करत नव्हतं की त्यांचा उचलत नव्हतं. तिने ओळख सांगितली. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला आणि तिने विचारलं, भेटायला येऊ का.

मामांच्या फाटकाबाहेर पत्रकारांनी ठाण मांडलं होतं. त्यातले कित्येक जण कालपरवापर्यंत मामांच्या गाडीतून फुकट फिरत होते. आता तेच खिडकीकडे बघून प्रश्न फेकत होते आणि उत्तर आलं नाही की एकमेकांना डोळा मारत होते. तिला मात्र मागच्या दाराने आत घेतलं. मामींनी दार उघडलं. रडून डोळे सुजले होते. “यांना बोलू दे गं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “आतल्या आत कुढून मरतील नाहीतर.”

आत भिंतभर साहेबांबरोबरचे फोटो अजून टांगलेले होते. मामा त्यांच्याखाली बसले होते, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. साहेबांचं नाव काढताच ते दातओठ खायला लागले. उभी हयात त्याच्यासाठी झिजवली, म्हणाले, आणि हा चष्मा पुसत विचारतो, कोण मामा. त्याला नागडा करायचाय मला. पण एकही जण थेट प्रक्षेपणाला तयार नाही. सगळ्यांना आधी चित्रित करायचंय, म्हणजे साहेबाला नको ते कापता येईल.

“तुम्हाला जे बोलायचंय ते बोला,” ती म्हणाली. “थेट. मी मधे अडवणार नाही.”

मामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुमचा माझ्यावर राग असेल ना, ताई?”

“तेव्हा होता.”

थाप होती, पण अगदी लोण्यासारखी निघाली. मामांचा जीव भांड्यात पडला. राजकारणात असं व्हायचंच, मनात ठेवू नका, असं म्हणून त्यांनी तिला उदार मनाने माफही करून टाकलं.

संपादकांपुढे मात्र घोडं अडलं. मामांची पहिली मुलाखत म्हटल्यावर त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण मामांची अट होती, की मुलाखत घेणार तर हीच. संपादकांनी बरेच आढेवेढे घेतले, दुसऱ्या दोन निवेदकांची नावं सुचवली, मामांना स्वतः फोन केला. मामा हटले नाहीत. शेवटी संपादक म्हणाले, बरं, पण जुनं काही उकरायचं नाही, साहेबांचं नाव जपून घ्यायचं, आणि मी कानात सांगेन तेवढंच विचारायचं. तिने मान डोलावली.

संध्याकाळी तिला परत त्या खुर्चीत बसवलं. चेहऱ्याला रंग लावणाऱ्या बाईने कोणालाही न दिसेल असा तिचा हात दाबला. समोर मामा, दाढी करून, नवा सदरा घालून. काचेपलीकडच्या खोलीत संपादक उभे. दिवे लागले.

मामा सुटलेच. साहेबांच्या आईला खांदा दिला तो मी, म्हणाले. साहेबांची पाठ धरली होती तेव्हा त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधल्या त्या मी. त्यांच्या सुनेचं घराणं पाहायला गेलो तो मी. पाणी तोडायची कल्पना कोणाची होती, कुठल्या खोलीत ठरली, तेव्हा साहेब कुठल्या खुर्चीत बसले होते, सगळं सांगितलं. ती अडवत नव्हती. कानात संपादक सांगत होते, की आता वस्तीकडे वळव, आता निवडणूक आयोगाचं विचार. ती ऐकत होती आणि मामांकडे बघून मान हलवत होती. सूड घेणाऱ्या माणसाला किती मोकळं वाटतं, हे मामांच्या चेहऱ्यावर तिला लख्ख दिसत होतं. माणसाने पाण्यात पोहावं तसे ते बोलत होते.

“मामा,” ती म्हणाली, “साहेबांसाठी तुम्ही माझ्याही घरी फोन केले होते ना?”

मामा थबकले. कानात संपादक म्हणाले, विषय बदल.

“माझे वडील उचलायचे. तुम्ही त्यांना काका म्हणायचात.”

“विषय बदल म्हणतोय ना,” कानात आवाज चढला. तिने कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. आता तिथून बारीक किरकिर तेवढी ऐकू येत होती.

नाही म्हणून टाकलं असतं तर मामा सुटले असते. पण मघापासून साहेबांना बुडवण्याच्या नादात ते इतके पुढे आले होते, की मागे वळायची सवयच मोडली होती. इथेही साहेबाच्या माथी मारता येईल, हेच त्यांना आधी सुचलं. त्यांनी घसा खाकरला.

“केले. मी कशाला खोटं बोलू? पण माझ्या मनाने नाही केले, ताई. साहेबच म्हणाले, त्या बाईचं तोंड बंद झालं पाहिजे. पोरांना नीट जमत नव्हतं, म्हणून मग मी स्वतः करायला लागलो.”

“काय बोलायचात?”

“ते आता इथे कसं सांगू?”

“माझ्या वडिलांना सांगत होतात की.”

मामांच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळायला लागला.

“घरचा नंबर तुम्हाला कुठून मिळाला? तो कुठल्या पुस्तकात नव्हता. मी फक्त ऑफिसात दिला होता.”

मामांची नजर वर गेली, तिच्या डोक्यावरून, काचेकडे. “ते काय उभे आहेत तिथे,” ते म्हणाले. “तुमच्याच संपादकांनी दिला. कशाला हवाय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि एकटे तेच नाहीत. प्रत्येक चॅनलमध्ये माझा फोन घेणारा माणूस होता. आज सगळे मला ओळखत नाहीत. नावं सांगू?”

त्यांनी दोन नावं सांगितली आणि मग जाहिरात लागली. संपादक जाहिरात लाव म्हणून केव्हाचे ओरडत होते. बटणांवर बसलेला तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी म्हणाला, की मी गोंधळलो. तो गोंधळणारा माणूस नव्हता.

पहिला तासभर बाकीच्या चॅनलनी तो तुकडा चघळून चघळून दाखवला, कारण नाक कापलं गेलं होतं ते शेजाऱ्याचं. मग ती दोन नावं कोणाच्या तरी लक्षात आली आणि हळूहळू सगळीकडे शांतता पसरली. सकाळच्या वर्तमानपत्रांत मामा हे मानसिक तोल गेलेले गृहस्थ झाले होते. ज्या अग्रलेखांनी साहेबांच्या निर्भीडपणाचं कौतुक केलं होतं, ते आता पावसाळी गटारांबद्दल काळजी करत होते. पण लोकांच्या हातात मोबाईल होते. तुकडा घराघरांत फिरला. वस्तीतल्या बायकांनी तो एकमेकींना पाठवला.

साहेबांना परत पत्रकारांनी गाठलं आणि या वेळी संपादकांबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, “कोण संपादक? पत्रकार तर मला शेकडो भेटतात.” हे वाक्य ऐकताना संपादक स्वतः बातमीकक्षात उभे होते. कोणी हसलं नाही, पण कोणी दुसरीकडे बघितलंही नाही. सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले. आठवड्याभरात त्यांनी तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला. जाताना ते तिच्या टेबलापाशी थांबले. नंबर दिला तेव्हा एवढं होईल असं वाटलं नव्हतं, असं काहीतरी पुटपुटले. तिने पट्टी लिहिणं थांबवलं नाही. त्यांच्याच राजीनाम्याची पट्टी होती.

साहेब पडले. कशामुळे पडले, यावर पुन्हा आठ चौकटी मांडून चर्चा झाली. नदीकाठच्या वस्तीत पहाटेपासून रांग लागली होती, हे त्यात एकीला तेवढं आठवलं. तिला कोणी श्रेय दिलं नाही आणि तिला ते नकोही होतं. चॅनलच्या मालकांनी तिला परत संध्याकाळच्या बातम्या देऊ केल्या. तिने विचार करून सांगते म्हटलं आणि ताटकळत ठेवलं. त्यांना ताटकळताना पाहण्यातही एक गोडी होती, हे ती नाकारत नव्हती.

राहिले मामा. त्यांना वाटत होतं, आपण तिच्या बाजूने बोललो. मुलाखतीनंतर त्यांनी दोनदा फोन करून विचारलं, की पुढचा भाग कधी करायचा. तोवर बाबांनी पोलिसांत तक्रार दिली होती, आणि मामांचा कबुलीजबाब तर अख्ख्या जगाने ऐकला होता. पोलीस दारात आल्यावर त्यांना कळलं. मग मामींचा फोन आला. “आमच्या घरात बसून गोड बोललीस,” मामी म्हणाल्या. “हे बरं नाही केलंस.”

“तेही माझ्या घरात गोडच बोलत होते,” ती म्हणाली. फोन ठेवला तेव्हा मामींचे सुजलेले डोळे तिच्या मनात आले. आले आणि गेले. तिने त्यांना थांबवून घेतलं नाही.

एका गोष्टीचा मात्र तिने विचारच केला नव्हता. मामांच्या वकिलाचं म्हणणं होतं, की फोन केले, पण धमकी दिली नाही, चौकशीपुरतं बोलले. तेव्हा पोलीस ठाण्यातल्या अधिकारी बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. फोनवर जे जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगावं लागेल, म्हणाल्या. एकेक शब्द. बाबांनी आयुष्यात कधी वावगा शब्द उच्चारला नव्हता. दुकानात गिऱ्हाईक भांडायला आलं तर हे त्यालाच पाणी द्यायचे. ती त्यांच्याबरोबर गेली, त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “तू बाहेर बस.”

“बाबा, मला सगळं माहीत आहे. मी ऐकलं तर काय बिघडलं?”

“तुला माहीत असू दे. माझ्या तोंडून नको.”

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. समोरच्या बाकावर मामा होते, दोन शिपायांच्या मधे. वकील त्यांच्या कानाशी लागला होता. मामांनी तिला पाहिलं आणि ओळख दाखवायला अर्धवट हात उचलला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, इथवर आल्यावर जरा थंडावेल. काहीच थंडावलं नाही. दाराआड तिचा बाप बसला होता आणि तिच्या सुडासाठी ते शब्द परत तोंडात घेत होता. तिने उठून दार ढकलावं, बाबांना म्हणावं, चला घरी, सोडून द्या, असं एकदा अगदी ओठांवर आलं. ती उठलीसुद्धा.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. आधी पुटपुटल्यासारखा, मग जरा मोठा. शब्द कळत नव्हते, पण मधे कुठे अडखळणं नव्हतं. अधिकारी बाईंनी काहीतरी विचारलं, आणि बाबांनी तेच वाक्य परत, आणखी स्पष्ट म्हणून दाखवलं. बाकावर मामांनी मान खाली घातली. त्यांना प्रत्येक शब्द ठाऊक होता. वकील काही सांगत होता, ते ऐकत नव्हते.

ती परत खाली बसली.

बाबा बाहेर आले तेव्हा चेहरा लाल झाला होता, कपाळाला घाम होता. मामांसमोरून जाताना ते थांबले. त्यांनी त्या माणसाला आजवर समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. नीट पाहून घेतलं, गिऱ्हाइकाचा नंबर काढताना बघत तसं. मग तिला म्हणाले, “सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.”

“त्रास झाला?”

“झाला,” बाबा म्हणाले. “पण आता ते त्याच्या नावावर लागले. माझ्याकडे नाहीत.”

जिना उतरताना त्यांनी तिचा हात धरला नाही. ती दोन पायऱ्या मागे होती आणि तिला त्यांना गाठायला भराभर उतरावं लागलं.